आज्ञावलींचे स्वयं-अद्ययावतीकरण

संगणकावर बसविलेल्या आज्ञावलीने आपली नवी आवृत्ती निघाली आहे की नाही याचा शोध स्वतःच घेणे, ती दूरस्थ संगणकावरून आणणे, तिची सत्यता पडताळणे व जुन्या आवृत्तीच्या जागी तिची स्थापना करणे, या क्रियांच्या मालिकेस स्वयं-अद्ययावतीकरण असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे आज्ञा-ओळीवर चालणाऱ्या आज्ञावलींचा विचार केला आहे. पडद्यावरील चित्रे व बटणे यांचा उपयोग न करता कळफलकावर नाव टंकित करून जी आज्ञावली चालविली जाते, तिला आज्ञा-ओळीची आज्ञावली म्हणतात. अशी आज्ञावली पुष्कळदा एकाच फाइलीत सामावलेली असते; आज्ञा दिली की ती चालते व काम संपताच थांबते. तिच्या पाठीशी सतत जागी राहणारी दुसरी यंत्रणा सहसा नसते. त्यामुळे अद्ययावतीकरणाचे सर्व प्रश्न तिच्या बाबतीत उघड्या स्वरूपात दिसतात.

या विषयाच्या इतिहासाचे दोन भाग पडतात. बदल कसा पोहोचवावयाचा आणि चालू आज्ञावलीची जागा नव्या आज्ञावलीने कशी घ्यावयाची, हा पहिला प्रश्न होय. आलेला बदल खरोखर मूळ कर्त्याकडूनच आला आहे हे कसे ओळखावयाचे, हा दुसरा. पहिल्याची बहुतेक उत्तरे विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत मिळाली. दुसऱ्याची उत्तरे अद्याप घडत आहेत. कारण ज्या मार्गाने दुरुस्ती येते त्याच मार्गाने अपायही येऊ शकतो.

पूर्वपीठिका : आज्ञावलीत दुरुस्ती करण्याची गरज संगणकाइतकीच जुनी आहे. १९४४ मध्ये कार्यान्वित झालेल्या हार्व्हर्ड मार्क-१ या यंत्राला आज्ञा छिद्रित कागदी फितीवरून मिळत. फितीवरील चुकीचे छिद्र बुजविण्यासाठी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. अशी ठिगळे लावलेल्या फिती जतन करून ठेवण्यात आल्या आहेत. आज्ञावलीतील दुरुस्तीस ‘पॅच’ म्हणजे ठिगळ हे नाव मिळाले, ते याच प्रथेवरून.

१९५५ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकाचा वापर करणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ ही संघटना स्थापन केली. तिचे सभासद आपापल्या आज्ञावली छिद्रित पत्रे व चुंबकीय फिती यांच्या द्वारे एकमेकांस पुरवीत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या परिचालन प्रणालीच्या कामास आरंभ केला. आज्ञा-ओळीवर चालणाऱ्या लहान लहान आज्ञावलींचा समूह हे तिचे वैशिष्ट्य होते. तिच्या प्रती चुंबकीय फितींवरून विद्यापीठांकडे जात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून बिल जॉय यांनी १९७८ मध्ये आपल्या सुधारणांचा पहिला संच अशाच फितीवरून वितरित केला.

या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती. नवी फीत आली की ती चढवावयाची किंवा नाही, केव्हा चढवावयाची, आणि ती पाठविणारा विश्वासार्ह आहे काय, याचा निर्णय संगणकाची देखभाल करणारा मनुष्य घेत असे. पुढील काळात हा मनुष्य क्रमाक्रमाने बाजूला झाला आणि तो करीत असलेली पारख यंत्राकडे सोपवावी लागली. स्वयं-अद्ययावतीकरणाचा इतिहास हा प्रामुख्याने या पारखेच्या हस्तांतराचा इतिहास होय.

फरकाची मांडणी : संपूर्ण आज्ञावली पुन्हा पाठविण्याऐवजी केवळ बदललेला भाग पाठविणे काटकसरीचे असते. त्यासाठी दोन मजकुरांतील फरक यांत्रिक रीतीने काढता आला पाहिजे. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी तयार केलेली ‘डिफ’ ही आज्ञावली १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्यामागील गणिती रीत मॅकिलरॉय व जेम्स हंट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही मजकुरांत त्याच क्रमाने आढळणाऱ्या ओळींचा जास्तीत जास्त लांब असा समाईक क्रम शोधून उरलेल्या ओळी फरक म्हणून नोंदविणे, हे या रीतीचे सार आहे.

फरक काढता आला तरी तो दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीला लावणे हे काम काही वर्षे हातानेच चाले. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ याच नावाची आज्ञावली यूझनेट या चर्चा-जालावर प्रसृत केली. वापरकर्त्याच्या प्रतीत थोडे स्थानिक बदल झालेले असले, तरी आजूबाजूच्या ओळींवरून योग्य जागा शोधून ती फरक लावीत असे. वॉल यांनी आपल्या ‘पर्ल’ या भाषेच्या आरंभीच्या सुधारणाही अशाच ठिगळांच्या रूपात वितरित केल्या. दुरुस्ती ही एक स्वतंत्र, प्रवास करू शकणारी वस्तू झाली ती येथून.

ही रीत मनुष्याने लिहिलेल्या मूळ मजकुराला लागू पडे. यंत्रभाषेत रूपांतर झालेल्या फाइलीत मात्र एक आज्ञा वाढली तरी तिच्या पुढील असंख्य पत्ते सरकतात आणि फरक फुगतो. १९९६ मध्ये अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ ही पद्धत मांडली. तीत जुनी प्रत बाळगणारा संगणक तिच्या तुकड्यांची पडताळा-मूल्ये कळवितो आणि नवी प्रत बाळगणारा संगणक न जुळणारा भागच पाठवितो. २००३ मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांनी यंत्रभाषेतील फाइलींसाठी ‘बीएसडिफ’ ही पद्धत विकसित केली आणि त्याच वर्षी फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी अद्ययावतीकरणाची आज्ञावली तयार केली. २००९ मध्ये गूगल या कंपनीने आपल्या क्रोम या न्याहाळकासाठी यंत्रभाषेची अगोदर उकल करणारी ‘कुर्झेट’ ही पद्धत जाहीर केली. तिने दिलेल्या एका उदाहरणात पूर्ण नवी आवृत्ती १,०३,८५,९२० बाइट, बीएसडिफने काढलेला फरक ७,०४,५१२ बाइट व कुर्झेटने काढलेला फरक ७८,८४८ बाइट इतका होता. पोहोचविण्याचा प्रश्न या टप्प्यावर तांत्रिक दृष्ट्या सुटल्यासारखाच होता.

संग्रह-व्यवस्थापक व स्वतंत्र आज्ञावली : इंटरनेटच्या प्रसारानंतर आज्ञावलींचे मोठे सार्वजनिक संग्रह निर्माण झाले. पर्ल भाषेचा ‘सीपॅन’ हा संग्रह १९९५ मध्ये खुला झाला. त्यातून आज्ञावली आणून बसविणारे साधन त्याच संग्रहात ठेवलेले असल्यामुळे ते स्वतःचीही नवी आवृत्ती आणू शकत असे. इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स-वितरणात १९९९ पासून ‘ॲप्ट’ हे साधन आले. एका आज्ञेसरशी संगणकावरील सर्व आज्ञावली अद्ययावत करण्याची सोय त्यामुळे झाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ मध्ये विंडोज ९८ या प्रणालीबरोबर ‘विंडोज अपडेट’ ही सेवा सुरू केली.

अशा केंद्रीय व्यवस्थेत वितरणाचे संपादक प्रत्येक आज्ञावली तपासून संग्रहात घेतात. या तपासणीस वेळ लागतो; डेबियनच्या दोन स्थिर आवृत्त्यांत सामान्यतः सुमारे दोन वर्षांचे अंतर असते. काही आज्ञावलींना इतका विलंब परवडत नाही. इंटरनेटवरील चित्रफिती उतरवून घेणारी ‘यूट्यूब-डीएल’ (२००६) ही याचे ठळक उदाहरण होय. ती ज्या संकेतस्थळांवर अवलंबून असते त्यांची रचना वारंवार बदलते आणि जुनी आवृत्ती अल्पावधीत निरुपयोगी होते. म्हणून स्वतःला अद्ययावत करण्याची आज्ञा तिच्यातच अंतर्भूत करण्यात आली. पीएचपी भाषेसाठी २०१२ मध्ये आलेली ‘कंपोझर’ आणि रस्ट भाषेसाठी २०१६ मध्ये स्थिरावलेली ‘रस्टअप’ या आज्ञावलींतही अशी सोय आहे. २००९ मध्ये मॅक संगणकांसाठी मॅक्स हॉवेल यांनी सुरू केलेल्या ‘होमब्रू’ने आपला सर्व मजकूर ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवला. त्यामुळे स्वतःला अद्ययावत करणे म्हणजे त्या संग्रहातील नवे बदल आणणे, एवढेच काम तिला उरले.

या दोन पद्धतींत संघर्षाचा संभव असतो. केंद्रीय व्यवस्थापकाने बसविलेली फाइल आज्ञावलीने परस्पर बदलली, तर व्यवस्थापकाची नोंद व प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत पडते. म्हणून विचारपूर्वक रचलेली आज्ञावली आपण कोणत्या मार्गाने बसविलो गेलो, हे प्रथम तपासते. यूट्यूब-डीएल ही अन्य व्यवस्थापकाने बसविलेली असल्यास बदल करण्याचे नाकारते आणि त्याच व्यवस्थापकाचा उपयोग करण्यास सुचविते. रस्टअपमध्येही स्वयं-अद्ययावतीकरणाचा भाग वगळून ती बांधण्याची सोय ठेवलेली आहे.

यंत्रणेची रचना : स्वयं-अद्ययावतीकरणाचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात. आज्ञावलीत तिचा आवृत्ती-क्रमांक कोरलेला असतो. ती दूरस्थ संगणकावरील एक लहानशी सूची मागविते. सूचीत नव्या आवृत्तीचा क्रमांक, फाइलीचा पत्ता, आकारमान व पडताळा-मूल्य दिलेले असते. दोन क्रमांकांची तुलना घटकशः करावी लागते, ‘१.१०’ ही आवृत्ती ‘१.९’च्या नंतरची असते, परंतु दशांश अपूर्णांक मानून तुलना केल्यास उलट निष्कर्ष निघतो. नवी आवृत्ती असल्यास फाइल तात्पुरत्या नावाने उतरविली जाते, तिची पडताळणी होते, तिला चालविण्याची परवानगी दिली जाते आणि शेवटी ती जुन्या फाइलीची जागा घेते.

हा शेवटचा टप्पा नाजूक असतो; कारण जी फाइल बदलावयाची तीच त्या वेळी चालू असते. युनिक्सच्या वंशातील अनेक प्रणाली चालू आज्ञावलीच्या फाइलीत लिहू देत नाहीत. परंतु या प्रणालींत फाइलीचे नाव व तिचा आशय या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. नाव हे केवळ आशयाकडे बोट दाखविते. त्यामुळे नव्या फाइलीस जुन्या फाइलीचे नाव दिले, तर नाव नव्या आशयाकडे वळते आणि चालू असलेली जुनी आज्ञावली आपले काम संपेपर्यंत जुन्या आशयावर चालत राहते. १९८३ मध्ये बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत नामांतराची स्वतंत्र प्रणाली-आज्ञा आली. ही क्रिया अविभाज्य असते, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आज्ञावलीला त्या नावाखाली एक तर पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी फाइल दिसते, अर्धवट फाइल कधीच दिसत नाही. मात्र दोन्ही फाइली एकाच फाइल-व्यवस्थेत असाव्या लागतात. तात्पुरती फाइल तात्पुरत्या फाइलींच्या सामायिक कोठ्यात न उतरविता जुन्या फाइलीच्या शेजारीच उतरविण्याचा संकेत रूढ झाला, तो यामुळे.

विंडोज प्रणालीत चालू आज्ञावलीची फाइल पुसता किंवा तिच्यावर लिहिता येत नाही. पण तिचे नाव बदलता येते. त्यामुळे जुन्या फाइलीस दुसरे नाव देऊन नवी फाइल तिच्या जागी ठेवणे व जुनी नंतर पुसणे, ही एक पद्धत झाली. यूट्यूब-डीएलने दुसरी युक्ती योजिली. ती एक छोटी आज्ञा-संहिता लिहून ठेवी आणि स्वतः थांबे. ती संहिता काही सेकंद वाट पाहण्यासाठी आपल्याच संगणकाला ‘पिंग’ या आज्ञेने पाच वेळा हाक देई, मग नवी फाइल जुनीच्या जागी हलवी व अखेरीस स्वतःलाही पुसून टाकी. वाट पाहण्यासाठी वेगळे साधन न शोधता जवळच्या साधनावर काम भागविण्याची ही रीत अनेक वर्षे पुरेशी ठरली.

नवी आवृत्ती सदोष निघाल्यास मागे फिरता यावे, म्हणून जुनी फाइल जपून ठेवणे आवश्यक असते. कंपोझरमध्ये पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची आज्ञा दिलेली आहे. अद्ययावत करणारा भागच नव्या आवृत्तीत बिघडला, तर पुढील कोणतीही दुरुस्ती त्या मार्गाने पोहोचू शकत नाही. त्यामुळे आज्ञावलीच्या इतर भागांपेक्षा या भागाची चाचणी अधिक काटेकोरपणे करावी लागते.

पारख यंत्राकडे : आलेली फाइल वाटेत बिघडली आहे काय, हे पडताळा-मूल्यावरून कळते. परंतु फाइल व तिचे मूल्य दोन्ही एकाच ठिकाणाहून येत असतील, तर ते ठिकाण ताब्यात घेणारा दोन्ही बदलू शकतो. यावरील उपाय जाहीर किल्लीच्या गुप्तलेखनाने दिला. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९७७ मध्ये रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर व लेनर्ड ॲडलमन यांनी तिच्यासाठी व्यवहार्य रीत शोधली. तीनुसार कर्ता आपल्या गुप्त किल्लीने अंकीय स्वाक्षरी करतो आणि कोणीही त्याच्या जाहीर किल्लीने ती तपासू शकतो [⟶ गुप्तलेखन]. जाहीर किल्ली जुन्या आवृत्तीतच कोरलेली असली, म्हणजे जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीची साक्ष तपासू शकते. यूट्यूब-डीएलमध्ये आवृत्त्यांच्या सूचीवरील स्वाक्षरी अशाच प्रकारे तपासली जाई. असे असूनही स्वाक्षरी-तपासणी सार्वत्रिक होण्यास बराच काळ लागला. डेबियनच्या ॲप्टमधील तपासणी २००७ च्या चौथ्या आवृत्तीपासून प्रस्थापित झाली.

स्वाक्षरीनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत, हे २००८ मध्ये जस्टिन कॅपोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. मूळ संग्रहाची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या संगणकांस ‘मिरर’ म्हणतात. संशोधकांनी काल्पनिक संस्थेच्या नावाने असा संगणक देऊ केला आणि प्रयत्न केलेल्या प्रत्येक प्रमुख लिनक्स-वितरणाने तो आपल्या अधिकृत यादीत घेतला. असा मिरर स्वाक्षरी मोडू शकत नाही. परंतु रीतसर स्वाक्षरी असलेली जुनी, सदोष आवृत्ती तो पुन्हा पुढे करू शकतो किंवा नवे काही आलेच नाही असे भासवून वापरकर्त्यास जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवू शकतो. खोटे न बोलता केवळ शिळे सत्य सांगून अपाय करता येतो, हा या संशोधनाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

२०१० मध्ये जस्टिन सॅम्युअल, निक मॅथ्यूसन, जस्टिन कॅपोस व रॉजर डिंगलडाइन यांनी यावर एक सर्वसाधारण आराखडा मांडला. तो ‘टफ’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. कोणती ना कोणती किल्ली कधीतरी चोरीस जाणारच, असे तो गृहीत धरतो आणि अधिकाराची चार भागांत वाटणी करतो. मूळ किल्ली इतर किल्ल्यांना मान्यता देते व ती जालापासून अलग ठेवली जाते. दुसरी फाइलींची मूल्ये प्रमाणित करते. तिसरी संग्रहाची एकूण स्थिती एकसंध असल्याची ग्वाही देते. चौथी अल्प मुदतीची असून माहिती ताजी असल्याचे सांगते. महत्त्वाच्या निर्णयांस एकापेक्षा अधिक व्यक्तींच्या स्वाक्षऱ्या आवश्यक करता येतात. दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांवाचून न उघडणाऱ्या खजिन्याचे तत्त्व येथे योजिले आहे.

मार्गाचा दुरुपयोग : अद्ययावतीकरणाच्या मार्गावरील हल्ल्यांचा इतिहास केवळ आज्ञा-ओळीपुरता मर्यादित नाही. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या घातक आज्ञावलीने मायक्रोसॉफ्टचे बनावट प्रमाणपत्र वापरून आपण विंडोज अपडेटमधून आलो असल्याचे भासविले. एमडी-५ या पडताळा-मूल्याच्या रीतीतील दोषाचा त्यासाठी उपयोग करण्यात आला होता. हा दोष २००४ पासून जाहीर होता.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये कर-हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम. ई. डॉक’ या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली पसरली. तिने अनेक देशांतील संगणक निकामी केले. मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले. या कंपनीच्या समूहाकडे रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे एक टर्मिनल चालविण्याचे काम होते. तेथील कंटेनर-वाहतुकीचे कामही विस्कळित झाले. कीव्हमधील एका हिशेबी आज्ञावलीतील बदलाचा परिणाम कोकणच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मालमोटारींपर्यंत पोहोचला. या घटनेने अद्ययावतीकरणाचा प्रश्न केवळ संगणकतज्ञांचा राहिलेला नाही, हे स्पष्ट झाले.

२०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या ‘ओरायन’ या उत्पादनात ती बांधली जात असतानाच घातक भाग घुसविण्यात आला. त्यावर कंपनीची खरी स्वाक्षरी झाली व ती आवृत्ती सुमारे १८,००० पर्यंत ग्राहकांकडे गेली. येथे किल्ली चोरीस गेली नव्हती. स्वाक्षरी करणाऱ्या हातापुढे ठेवलेला कागदच बदलला होता. २०२१ मध्ये ‘कोडकव्ह’ या सेवेची आज्ञा-संहिता अशीच बदललेली आढळली. अनेक संस्थांत ती प्रत्येक वापराच्या वेळी इंटरनेटवरून नव्याने आणून लगेच चालविली जाई. ३१ जानेवारीपासून सुरू झालेला हा प्रकार १ एप्रिल रोजी उघड झाला. एका ग्राहकाने उतरविलेल्या फाइलीचे पडताळा-मूल्य जाहीर मूल्याशी ताडून पाहिले, तेव्हा ते जुळले नाही. मूल्य प्रसिद्ध केलेले होतेच. ते ताडून पाहण्याचे काम बहुतेकांनी केले नव्हते.

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत गुप्त प्रवेशद्वार आढळले. ते घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक साहाय्यकाचे काम करून प्रकल्पाचा विश्वास संपादन केला होता. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्याचा माग काढला. टॉम्पसन यांनी आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात (प्रसिद्धी १९८४) हाच धोका सूचित केला होता. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीवर ठेवलेला विश्वास अखेरीस ती लिहिणाऱ्या माणसांवरील विश्वास असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

हेतू शुद्ध असूनही हानी होऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले व अनेक देशांत विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे व्यवहार खोळंबले. नवी आवृत्ती प्रथम थोड्या संगणकांना देऊन परिणाम पाहणे व मग क्रमाने व्याप्ती वाढविणे, ही सावधगिरी या घटनेनंतर अधिक गांभीर्याने घेतली जाऊ लागली.

उपाय व मर्यादा : एकाच मूळ मजकुरापासून कोणीही बांधली तरी बाइट-न्-बाइट तीच फाइल तयार व्हावी, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले. तसे झाल्यास बांधणीच्या वेळी घुसविलेला भाग त्रयस्थास ओळखता येतो. २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने सुरू झालेल्या ‘सिगस्टोर’ या प्रकल्पात प्रत्येक स्वाक्षरीची नोंद सर्वांना पाहता येईल अशा, केवळ भर घालता येणाऱ्या वहीत केली जाते. एखाद्यालाच वेगळी फाइल देण्याचा प्रकार त्यामुळे लपून राहणे अवघड होते. या प्रकल्पाच्या स्वतःच्या मूळ किल्ल्यांचे वितरण टफ आराखड्यानुसार होते.

वापरकर्त्याच्या संमतीचा प्रश्न मात्र केवळ गणिताने सुटणारा नाही. दुसऱ्या आज्ञावलीकडून रात्री आपोआप चालविली जाणारी आज्ञावली मध्येच बदलली, तर काल मिळालेले उत्तर आज मिळेलच असे नाही. यामुळे नवी आवृत्ती आल्याची केवळ सूचना देणे व बदल स्पष्ट आज्ञेनंतरच करणे, ही पद्धत आज्ञा-ओळीच्या जगात बहुतांशी इष्ट मानली जाते. होमब्रूमध्ये नवे काही बसविण्यापूर्वी आपोआप अद्ययावतीकरण होते, परंतु ते बंद ठेवण्याची सोय आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकास डॉनल्ड कनूथ यांची ‘टेक’ ही अक्षरजुळणीची आज्ञावली आहे. १९९० मध्ये कनूथ यांनी तिचे स्वरूप कायम केले. त्यानंतर केवळ चुकांची दुरुस्ती होते व प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्ती-क्रमांकात पाय या संख्येचा एक अंक वाढतो. आपल्या मृत्यूनंतर तिचा क्रमांक पाय हाच करावा व तिच्यात पुढे कोणताही बदल करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. अशी पूर्णता इंटरनेटशी जोडलेल्या आज्ञावलींस लाभत नाही. त्यांच्या भोवतालचे जग बदलते आणि त्यांतील उणिवांचा शोधही चालू राहतो. दुरुस्ती न स्वीकारणे हाही एक धोकाच असतो.

कागदी फितीवर ठिगळ लावणारा मनुष्य आपण काय बदलतो आहोत हे पाहू शकत असे. त्याची जागा घेणाऱ्या यंत्रणेत वाहतूक, बदल व माघार या क्रिया आता निर्दोष करता येतात. पारखेचे काम मात्र किल्ल्यांची विभागणी, जाहीर नोंदी व स्वतंत्र बांधणी यांच्या आधारे अनेकांत वाटले जाऊ शकते. ते पूर्णपणे यंत्राकडे सोपविता आलेले नाही. कोडकव्ह व एक्सझेड या दोन्ही प्रकरणांत दोष उघड झाला, तो कोणीतरी थांबून ताडून पाहिल्यामुळे.